दानपेटीमागची माणसं

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांत ज्यू समाजाचं वार्षिक निधीभोजन होत असे. हॉटेलचा मोठा हॉल, गोल टेबलं, कापडाच्या आणि फर्निचरच्या धंद्यातली माणसं, वकील, डॉक्टर, सगळे सहकुटुंब आलेले. जेवणं उरकत आली की समितीचा अध्यक्ष उठायचा. त्याच्या हातात कार्डांचा गठ्ठा असायचा. एकेक कार्ड उचलून तो नाव पुकारायचा. नाव आलेला माणूस उभा राहून सगळ्यांसमोर यंदाचा आकडा सांगायचा. गेल्या वर्षी किती दिले होते ते कार्डावर लिहिलेलं असे, आणि शेजारच्या टेबलालाही ते बहुधा ठाऊक असे. त्यामुळे कमी आकडा सांगायला जीभ रेटत नसे. या पद्धतीला ‘कार्ड कॉलिंग’ म्हणत.

टाळ्या देणाऱ्यासाठी वाजत. पण ती कार्डं लिहिली कुणी? कुणाचा धंदा यंदा बसलाय, कुणाच्या घरी लग्न आहे, कुणाला कुणी विचारलं तर तो नाही म्हणणार नाही, हे सगळं महिनोन् महिने टिपून ठेवणारा एक माणूस त्याच हॉलमध्ये भिंतीला टेकून उभा असायचा. भाषण तो करत नसे. त्याचं नाव कुणी पुकारत नसे. तो संस्थेचा पगारी नोकर होता, आणि त्या रात्री जमलेल्या पैशातून पुढचं वर्षभर अनाथालय, दवाखाना, वृद्धाश्रम चालवणं ही त्याची जबाबदारी होती.

अशा माणसांचा एक अख्खा पेशा अमेरिकेतल्या ज्यू समाजानं गेल्या सव्वाशे वर्षांत उभा केला. त्याला शाळा आहेत, पदव्या आहेत, बढतीच्या पायऱ्या आहेत, परिषदा आहेत, भांडणंही आहेत. समाजसेवा पगार घेऊन करावी की नाही, हा प्रश्न आपल्याकडे अजून दबक्या आवाजात विचारला जातो. त्या समाजानं तो बराच आधी उघडपणे विचारला आणि उत्तर शोधताना बऱ्याच ठेचा खाल्ल्या.

सुरुवात एका शब्दापासून करायला हवी. हिब्रूतल्या ‘त्सेदाका’ या शब्दाचं भाषांतर आपण ‘दान’ असं करतो, पण त्याचं मूळ ‘त्सेदेक’ म्हणजे न्याय या शब्दात आहे. दान म्हटलं की देणाऱ्याचं औदार्य डोळ्यांसमोर येतं. त्सेदाका म्हटलं की घेणाऱ्याचं येणं डोळ्यांसमोर येतं. ज्याचं आहे ते त्याला पोचवायचं, एवढाच व्यवहार. आणि व्यवहार म्हटला की तो पाहणारा माणूस आला. जुन्या ज्यू वस्त्यांमध्ये हे काम करणाऱ्याला ‘गब्बाई’ म्हणत. गावात आठवड्याला वाटायचा एक निधी असे, त्याचं नाव ‘कुप्पा’. रोजच्या जेवणासाठी वेगळी व्यवस्था असे, तिचं नाव ‘तमखुई’. बाराव्या शतकातला तत्त्वज्ञ आणि वैद्य मैमोनिदीझ यानं लिहून ठेवलंय की, कुप्पा नसलेली ज्यू वस्ती आपण पाहिली नाही आणि ऐकलीही नाही.

या गब्बाईंसाठी घालून दिलेले नियम आजच्या कुठल्याही विश्वस्त संस्थेनं भिंतीवर लावावेत असे आहेत. निधी गोळा करायला किमान दोघांनी जायचं, एकट्यानं नाही. वाटप तिघांनी मिळून ठरवायचं, कारण वाटप हा एक प्रकारचा निवाडा आहे. चिल्लर मोडून घ्यायची वेळ आली तर ती दुसऱ्याकडून घ्यायची, स्वतःच्या खिशातून नाही, म्हणजे कुणाला संशय यायला नको. तालमूद या ज्यू धर्मग्रंथातला एक बारकावा तर फारच बोलका आहे. निधी गोळा करत बाजारातून जाताना गब्बाईला रस्त्यात त्याचं स्वतःचंच म्हणता येईल असं एखादं नाणं सापडलं, तरी त्यानं ते तिथं खिशात घालायचं नाही. धर्मादाय थैलीत टाकायचं आणि घरी पोचल्यावर मग आपलं काढून घ्यायचं. पाहणाऱ्याला काय दिसेल याचा विचार इतक्या खोलवर केला गेला होता.

गब्बाईला मात्र पगार नव्हता. गावातल्या विश्वासू, खाऊनपिऊन सुखी माणसाकडे ते काम जाई. खेडं लहान असेपर्यंत हे जमलं.

अमेरिकेत ते जमेना. 1654 साली ब्राझीलमधल्या रेसिफेहून 23 ज्यू न्यू ॲमस्टरडॅमला, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कला, येऊन उतरले. तिथला गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंट त्यांना ठेवून घ्यायला तयार नव्हता. डच वेस्ट इंडिया कंपनीनं परवानगी दिली ती एका अटीवर: यांच्यातल्या गरिबांचा भार कंपनीवर किंवा इतरांवर पडता कामा नये, यांच्याच समाजानं तो वाहावा. पुढच्या पिढ्यांनी ही अट शब्दशः मनावर घेतली. पण 1881 ते 1924 या काळात रशिया आणि पूर्व युरोपातून 20 लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत आले. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबं राहू लागली. क्षयरोग, बेकारी, सोडून गेलेले नवरे, रस्त्यावर वाढणारी मुलं. रविवारची सवड काढून येणाऱ्या मानद चिटणीसांच्या हातून हे निभण्यासारखं नव्हतं.

1895 मध्ये बोस्टनच्या ज्यू धर्मादाय संस्थांनी एकत्र येऊन एक महासंघ काढला. प्रत्येक संस्थेनं वेगवेगळं दार ठोठावण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एकदाच मागायचं आणि गरजेप्रमाणे वाटून घ्यायचं, अशी ही कल्पना. तिला ‘फेडरेशन’ म्हणतात, आणि आज उत्तर अमेरिकेत अशी सुमारे दीडशे फेडरेशनं आहेत. 1899 मध्ये ज्यू धर्मादाय कार्यकर्त्यांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या युनायटेड हिब्रू चॅरिटीजनं व्यवस्थापक म्हणून ली फ्रँकेल यांना आणलं. फ्रँकेल हे रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले. धर्मादाय संस्थेला प्रयोगशाळेतला माणूस कशाला, असं वाटण्यासारखी ती निवड होती. पण मोजमाप, नोंद आणि पडताळा या सवयी ते बरोबर घेऊन आले. पुढे 1909 मध्ये ते मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीत गेले आणि हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या वस्तीकेंद्राच्या लिलियन वॉल्ड यांच्याबरोबर त्यांनी विमेदार कामगारांच्या घरी परिचारिका पाठवण्याची योजना उभी केली. धर्मादाय संस्थेत घडलेला माणूस उद्योगात जाऊनही तेच काम करू शकतो, याचं हे फार जुनं उदाहरण.

या पेशाची कसोटी कुठे लागत होती ते पाहायचं तर 1911 मध्ये निघालेल्या नॅशनल डेझर्शन ब्युरोकडे पाहावं. बायकामुलांना सोडून परागंदा झालेले नवरे शोधणं, एवढंच या कचेरीचं काम. फॉरवर्ट्स या यिद्दिश वर्तमानपत्रात अशा माणसांचे फोटो ओळीनं छापले जात. त्या सदराचं नावच ‘बेपत्ता नवऱ्यांची चित्रशाळा’ अशा अर्थाचं होतं. हजारो घरांत तो अंक वाचला जाई आणि कुणीतरी फिलाडेल्फियाहून नाहीतर शिकागोहून कळवी की हा माणूस आमच्या शेजारी राहतो. मग खरं काम सुरू होई. त्याला पत्र लिहायचं की वकिलाची नोटीस धाडायची? तो कामावरून निघाला म्हणून पळाला की दुसरं घर मांडलंय म्हणून? बायकोला तो परत हवा आहे की नुसती पोटगी हवी आहे? हे विचारण्याची एक रीत असते, ऐकण्याची त्याहून वेगळी रीत असते, आणि चांगल्या मनाच्या माणसालाही ती शिकल्याशिवाय येत नाही. सिनसिनाटीच्या ज्यू संस्थांचे प्रमुख राहिलेले बोरिस बोगेन यांनी 1917 मध्ये ज्यू धर्मादाय कामावर पाठ्यपुस्तकवजा ग्रंथ लिहिला, आणि 1925 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ज्यू समाजकार्याची पदव्युत्तर शाळा उघडली. ती 1940 मध्ये बंद पडली, पण तोवर शिकून बाहेर पडलेली माणसं देशभरच्या संस्थांत पोचली होती.

आपल्याकडे मुंबईत नागपाड्याच्या नेबरहूड हाऊसमध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्कचे वर्ग सुरू झाले ते 1936 मध्ये. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. समाजकार्य शिकावं लागतं, हा विचार त्या दोन दशकांत अनेक शहरांत एकाच वेळी मूळ धरत होता.

हेन्रिएटा सोल्ड यांचं आयुष्य हा या पेशाचा चालताबोलता आलेख आहे. 1860 मध्ये बाल्टिमोरमध्ये एका रब्बायच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूच्या, घरी त्या जन्मल्या. 1889 मध्ये त्यांनी रशियातून आलेल्या निर्वासितांसाठी रात्रशाळा काढली. 1893 पासून 1916 पर्यंत त्यांनी ज्यूइश पब्लिकेशन सोसायटीत नोकरी केली. पद चिटणीसाचं, काम मात्र भाषांतरं करणं, हस्तलिखितं तपासणं, वार्षिकाचं संपादन करणं, मुद्रितं वाचणं. संपादक म्हणून जे जे करायचं ते सगळं त्यांनी केलं, फक्त संपादक म्हणवून घेतलं नाही. न्यूयॉर्कच्या ज्यू धर्मविद्यापीठात त्यांना शिकायला प्रवेश मिळाला तोही रब्बाय होण्याची पदवी मागणार नाही, या हमीवर.

1912 मध्ये त्यांनी हदासा ही स्त्रियांची संस्था स्थापन करण्यात पुढाकार घेतला आणि पुढच्याच वर्षी दोन प्रशिक्षित परिचारिका जेरुसलेमला पाठवल्या. खुपऱ्या हा डोळ्यांचा रोग आणि बाळंतपणातले मृत्यू यांच्याशी झुंजणाऱ्या त्या शहरात भाषण करणारे नेते बरेच होते. हदासानं पाठवल्या त्या परिचारिका. वय उतरणीला लागल्यावर काही मित्रांनी मिळून सोल्ड यांना तहहयात मानधनाची सोय करून दिली, तेव्हा कुठे त्या पोटापाण्याच्या विवंचनेतून सुटून पूर्ण वेळ या कामाला लागल्या. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला पॅलेस्टाइनमधल्या ज्यू समाजाचं समाजकल्याण खातं त्यांच्याकडे आलं. तिथंही त्यांनी पहिली मागणी केली ती शिकलेल्या माणसांची. नाझी जर्मनीतून निसटून आलेल्या सिडी व्रोन्स्कींसारख्या अनुभवी समाजकार्यकर्त्यांना हाताशी धरून जेरुसलेममध्ये या विषयाचं शिक्षण सुरू झालं. सत्तरी ओलांडलेल्या सोल्ड तेव्हा ‘यूथ अलिया’ या मोहिमेतून जर्मनीतल्या मुलांना बाहेर काढत होत्या आणि बंदरावर येणाऱ्या मुलांच्या गटांना जातीनं सामोऱ्या जात होत्या. 1945 मध्ये त्या वारल्या. मित्रांनी वेळेवर मानधन बांधून दिलं नसतं तर यातलं किती घडलं असतं, हा प्रश्न त्यांचं चरित्र वाचताना पिच्छा सोडत नाही.

या नोकरीत जिवावरही बेतलं आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला, 1914 मध्ये, ऑटोमन साम्राज्यातले अमेरिकी राजदूत हेन्री मॉर्गेंथाऊ यांनी पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंसाठी 50 हजार डॉलर मागणारी तार न्यूयॉर्कला केली आणि त्यातून जॉइंट डिस्ट्रिब्युशन कमिटी जन्मली. तिला सगळे नुसतं ‘जॉइंट’ म्हणतात. जुलै 1920 मध्ये तिचे दोन प्रतिनिधी, प्राध्यापक इस्राएल फ्रीडलेंडर आणि रब्बाय बर्नार्ड कँटर, युक्रेनमध्ये मदत पोचवत असताना मारले गेले.

निधी उभारणीचा कळस झाला तो 1948 च्या जानेवारीत. पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंच्या नेत्या गोल्डा मेयर पैसे मागायला अमेरिकेत आल्या आणि शिकागोत फेडरेशनांच्या परिषदेत बोलल्या. त्या दौऱ्यात सुमारे 5 कोटी डॉलर उभे राहिले. इतिहासात ते भाषण राहिलं, आणि ते योग्यच आहे. पण युनायटेड ज्यूइश अपीलचे पगारी प्रमुख हेन्री मॉन्टर यांनी वर्षानुवर्षं बांधलेली देणगीदारांची फळी नसती, तर ते शब्द पैशात इतक्या झपाट्यानं उतरले नसते. मॉन्टर यांच्यासारख्यांची पदनामं पाहण्यासारखी असत. फेडरेशनच्या सर्वोच्च पगारी अधिकाऱ्याला बरीच वर्षं ‘कार्यकारी उपाध्यक्ष’ म्हणत, कारण अध्यक्ष हा मान बिनपगारी, निवडून आलेल्या समाजधुरीणाचा. चोवीस तास संस्था चालवणारा उपाध्यक्ष आणि महिन्यातून दोनदा येणारा अध्यक्ष, अशी ही जोडी. मराठी संस्थांमध्ये वावरलेल्या कुणालाही या जोडीतला ताण समजावून सांगावा लागणार नाही. अलीकडे बऱ्याच ठिकाणी पगारी प्रमुखालाच अध्यक्ष आणि मुख्याधिकारी म्हणू लागले आहेत. वरवर हा फक्त पाटीवरचा बदल वाटतो, पण त्याला पन्नास-साठ वर्षं लागली.

1957 मध्ये यशिवा विद्यापीठात वुर्झवायलर समाजकार्य महाविद्यालय निघालं. 1968 मध्ये लॉस एंजेलिसच्या हिब्रू युनियन कॉलेजात जेराल्ड ब्यूबिस यांनी ज्यू समाजसेवेची शाळा सुरू केली आणि 1969 मध्ये ब्रँडाइस विद्यापीठात हॉर्नस्टीन अभ्यासक्रम आला. या ठिकाणी विद्यार्थी सकाळी ताळेबंद वाचायला शिकायचा आणि दुपारी तालमूदचा उतारा. व्यवस्थापन आणि परंपरा एकाच माणसात उतरली पाहिजेत, असा हा आग्रह होता. ज्याला ताळेबंद कळत नाही त्याच्या हाती संस्था बुडते, आणि ज्याला परंपरा कळत नाही त्याच्या हाती ती दुसऱ्या कुठल्याही कचेरीसारखी होऊन जाते.

आज या क्षेत्रात शिरणारा तरुण बहुधा उन्हाळी शिबिरातून आलेला असतो. तळ्याकाठच्या शिबिरात सोळा-सतराव्या वर्षी दहा लहान मुलांची जबाबदारी अंगावर पडते. रात्री घराच्या आठवणीनं रडणाऱ्या मुलाला झोपवायचं, सकाळी त्याच मुलाला पोहायला उतरवायचं. पुढे दहा वर्षांनी शंभर माणसांची संस्था चालवणाऱ्या अनेकांनी पहिला धडा इथं घेतलेला असतो. नंतर विद्यापीठात हिलेल. 1923 मध्ये इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेली ही विद्यार्थी संस्था आता शेकडो आवारांत आहे. पदवीनंतर काहीजण ‘अवोदा’सारख्या उपक्रमात वर्षभर जातात. 1998 मध्ये निघालेल्या या उपक्रमात तरुण मुलं-मुली एका घरात एकत्र राहतात, दिवसा गरिबीशी संबंधित संस्थांमध्ये पूर्ण वेळ काम करतात आणि संध्याकाळी त्यावर अभ्यास करतात. अवोदा या हिब्रू शब्दाचा अर्थ काम असाही होतो आणि उपासना असाही. या पेशातल्या माणसांना तो शब्द फार जवळचा वाटतो.

मग नोकरी. ती कुटुंबसेवा केंद्रात असेल, वृद्धाश्रमात असेल, वस्तुसंग्रहालयात किंवा कम्युनिटी सेंटरमध्ये असेल. सगळ्यात जास्त मागणी निधी उभारणाऱ्यांना, आणि या कामाबद्दल गैरसमजही सगळ्यात जास्त. वर्षातून एकदा ‘सुपर संडे’ असतो. लांबलचक टेबलांवर फोन मांडलेले, शेकडो स्वयंसेवक एकामागून एक नंबर फिरवतायत, खाऊचे ट्रे फिरतायत, मुलं आकड्यांचे फलक बदलतायत. बघणाऱ्याला जत्रा वाटते. पण पगारी कर्मचाऱ्याचा सुपर संडे तीन महिने आधी सुरू झालेला असतो आणि पुढे महिनाभर चालतो. कुणी फोनवर ‘माझी आई गेल्याच महिन्यात गेली’ असं म्हणालं, तर स्वयंसेवकानं कार्डाच्या कोपऱ्यात तसं लिहायचं असतं. आणि सोमवारी सकाळी त्या घरी पैशांचा विषयही न काढता फोन करायचा असतो. हे काम शिकवता येतं. वरिष्ठानं सोबत बसून, आपल्या चुका सांगून, नवख्याचा फोन ऐकून ते शिकवावं लागतं. चांगल्या संस्थांत दर आठवड्याला वरिष्ठाबरोबर तासभराची बैठक ठरलेली असते. समाजकार्याच्या शाळांनी लावलेली ही सवय या पेशाची मोठी कमाई म्हणायला हवी. शुक्रवारी दुपारी मात्र कचेरी लवकर बंद होते. सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, लागतो.

इतकं सगळं असूनही 2014 मध्ये एक धक्का बसला. ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेच्या अहवालानं दाखवलं की पुढच्या पाच ते सात वर्षांत 75 ते 90 टक्के ज्यू संस्थांना नवा प्रमुख शोधावा लागेल. निवृत्तीला आलेल्या पिढीच्या मागे तयार माणसं उभी नव्हती. संस्थांनी इमारतींवर खर्च केला, कार्यक्रमांवर केला. मधल्या फळीतल्या माणसाला वाढवण्यावर करायचा तो राहून गेला. अनेक देणगीदारांना आपला पैसा थेट ‘कामावर’ जावा असं वाटतं. माणसाच्या प्रशिक्षणावर झालेला खर्च त्यांना वायफळ वाटतो. त्याचं बिल वीस वर्षांनी आलं.

या अहवालातून लीडिंग एज नावाची संस्था निघाली. नव्या प्रमुखांना पहिल्या वर्षात सोबत करणं हे तिचं एक काम. दुसरं म्हणजे संस्थांतल्या कर्मचाऱ्यांना दरवर्षी नाव न घेता प्रश्न विचारणं: कामाचा अभिमान वाटतो का, पगार रास्त वाटतो का, इथं पुढे वाढायला वाव दिसतो का. अभिमानाच्या प्रश्नाला उत्तर भरभरून येतं. वाढीच्या आणि पगाराच्या प्रश्नांशी ते ओसरतं. ध्येयावर प्रेम असलेला माणूस कमी पगारात टिकेल, हा हिशेब काही वर्षं बरोबर येतो. मग मूल होतं, घरभाडं वाढतं आणि तो माणूस खासगी कंपनीत जातो. जाताना वर्षानुवर्षं बांधलेली नाती बरोबर घेऊन जातो, आणि संस्थेला पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागते.

बायकांचा प्रश्न तर सोल्ड यांच्या काळापासूनचा आहे. शिकागोच्या जागतिक सर्वधर्म परिषदेचं वर्ष, 1893, आपल्याला विवेकानंदांमुळे आठवतं. त्याच वर्षी, त्याच निमित्तानं शिकागोत भरलेल्या ज्यू स्त्रियांच्या सभेतून हॅना सॉलोमन यांच्या पुढाकारानं ज्यू स्त्रियांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. एवढी जुनी परंपरा असूनही या क्षेत्रात बहुसंख्य कर्मचारी स्त्रिया आणि मोठ्या संस्थांच्या शिखरावर बहुतेक पुरुष, हे चित्र एकविसाव्या शतकात टिकून राहिलं. 2018 मध्ये कामाच्या ठिकाणच्या छळाबद्दल उघड बोलणं सुरू झालं तेव्हा देणगीदारांपुढे एकट्यानं जावं लागणाऱ्या तरुण मुलींचे अनुभव बाहेर आले. देणगीदार मोठा आहे म्हणून गप्प बसायचं नाही, असा नियम संस्थांनी लेखी करावा यासाठी सेफ्टी, रिस्पेक्ट, इक्विटी नावाची आघाडी त्याच वर्षी उभी राहिली. बाजारातल्या नाण्यापुरती सावध असणारी परंपरा इथं इतकी वर्षं गाफील राहिली, ही खेदाची गोष्ट आहे.

27 ऑक्टोबर 2018 ला पिट्सबर्गच्या ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये 11 जणांची हत्या झाली. हल्लेखोराचा राग निर्वासितांना मदत करणाऱ्या ‘हायस’ या संस्थेवर होता. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंसाठी निघालेली ही संस्था आज कुठल्याही धर्माच्या निर्वासिताला मदत करते. तिथली माणसं म्हणतात की पूर्वी आम्ही ते ज्यू होते म्हणून मदत केली, आता आम्ही ज्यू आहोत म्हणून करतो. तिच्यासारख्या अनेक ज्यू संस्थांमध्ये ख्रिस्ती, मुस्लिम, हिंदू कर्मचारी वर्षानुवर्षं काम करत आले आहेत. पिट्सबर्गनंतर सुरक्षाप्रमुख हे पद शहराशहरांतल्या फेडरेशनांत नेहमीचं झालं, आणि शोकाकुल कुटुंबांशी बोलणारे समुपदेशक ही गरज किती खरी आहे हे पुन्हा दिसलं.

मराठी वाचकाला यातलं काहीच परकं वाटू नये. कोकणातल्या किहीमवरून आडनाव घेतलेले हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी 1875 मध्ये मुंबईत बेने इस्राएल या मराठी ज्यू समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. ससून घराण्यानं पैसा दिला, दवाखाने आणि वाचनालयं उभी राहिली. केहीमकरांच्या वाट्याला शाळा रोज चालवण्याचं काम आलं. जॉइंट मुंबईत अनेक दशकं काम करते आहे. एव्हलिन पीटर्स कम्युनिटी सेंटर तिच्याच आधारानं चालतं, एकाकी वृद्धांच्या औषधपाण्याची सोयही होते. गरजूला पायावर उभं करणं ही दानाची सर्वांत वरची पायरी, असं मैमोनिदीझनं आठ पायऱ्या सांगताना म्हटलं होतं. 1880 मध्ये रशियात जन्मलेली ‘ओआरटी’ ही संस्था तेच सूत्र धरून मुंबईत व्यवसायशिक्षण देत आली. परदेशी ज्यू तरुण कळव्याच्या झोपडपट्टीत गॅब्रिएल प्रोजेक्टच्या वर्गांना हातभार लावत आले, तिथं शिकायला येणाऱ्या मुलाला गरम जेवण मिळत आलं. आणि कुलाब्याचं नरिमन हाऊस. 26 नोव्हेंबर 2008 ला सुरू झालेल्या हल्ल्यात तिथं मारले गेलेले रब्बाय गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का हे खबाद चळवळीचे प्रतिनिधी होते. असं जोडपं एका शहरात जातं ते बहुधा जन्मभरासाठी, आणि खर्चाचे पैसेही स्वतः उभे करतं. हीसुद्धा याच पेशातली एक वाट, सगळ्यांत खडतर.

भारतात आज सुमारे 5,000 ज्यू उरले आहेत, त्यातले बहुतेक मराठी बोलणारे बेने इस्राएल. 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारनं त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यांच्या संस्था चालवायला आता मोजकीच माणसं आहेत, आणि ती बरीचशी पगाराविनाच.

अमेरिकेत करमाफी घेणाऱ्या बहुतेक संस्थांना दरवर्षी एक विवरणपत्र भरावं लागतं. प्रमुखाला किती पगार मिळतो ते त्यात कुणीही वाचू शकतो. तो आकडा वाचून काही देणगीदार चिडतात, काही समाधान पावतात. पुढच्या वेळी एखाद्या संस्थेच्या कचेरीत देणगीची पावती फाडून घेताना आपणही एवढं विचारावं: पावती लिहिणाऱ्याला महिन्याला किती मिळतात, आणि त्याला शेवटचं प्रशिक्षण कधी मिळालं? उत्तर ऐकून वाईट वाटलं, तर पावतीवरचा आकडा थोडा वाढवावा आणि शेऱ्यात लिहावं, ‘कर्मचाऱ्यांसाठी’.